दिवा जळत होता

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं.

मोड आलेले वाल, कोमट पाण्याचं पातेलं, मध्ये परात. एका बाजूला माझी बायको सुमन, दुसऱ्या बाजूला मी. संध्याकाळची वेळ. बदलापूरला थंडी पडली होती. मुंबईवाल्यांना खरं वाटत नाही, पण डिसेंबरात इथे स्वेटर लागतो. सुमन इथल्याच जांभूळ गावची. वालाचं बिरडं तिच्या माहेरचं. मी साताऱ्याकडचा. पेन्शनीत आल्यावर तिच्या माहेराजवळ म्हणून इथे फ्लॅट घेतला आणि वाल सोलायला शिकलो. ती बोटाने दाबायची, दाणा सालीतून सुटून थेट परातीत. माझा दाणा फरशीवर.

"रायफल धरल्यासारखं धरू नका त्याला," ती म्हणाली. "पळून नाही जात तो."

"गेला की. सोफ्याखाली गेला."

"तुमच्या आवाजाला भ्याला असेल. खालचं पोरगं भ्यालं तसा."

खालचं पोरगं म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या राकेशचं, सात-आठ महिन्यांचं. राकेश आणि त्याची बायको उल्हासनगरहून नवीन भाड्याने आले होते. बाथरूममध्ये गॅस गीझर. बाळाला गार वारा लागतो म्हणून राकेशने बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांना आतून थर्माकोल लावला आणि वर चिकटपट्टी मारली. खालून जाताना मला दिसलं. मी गेलो आणि सांगितलं, काढ ते. तो म्हणाला, "काका, ठंड लगती है ना बेबी को. आणि गीझर एकदम ओके आहे, ज्योत बघा, निळी आहे." मी आवाज चढवला. बाळ रडलं. तो म्हणाला, "काका, तुमचं आर्मीचं आर्मीत ठेवा." दार बंद.

सुमनने हे सगळं वरून ऐकलं होतं.

"तुम्ही ऑर्डर देता," ती म्हणाली. "लोकं काय तुमची पलटण आहे? उद्या बिरडं झालं की वाटी घेऊन मी जाते. बाळाला मांडीवर घेते, दोन गोष्टी करते. थर्माकोल तो स्वतः काढेल."

"आणि आज अंघोळ केली तर?"

"अहो, आज झाली त्यांची. उद्या सकाळी जाते. आता सोला."

मी सोलायला लागलो.

बिल्डिंगमधले लोक मला खिडकीवाले काका म्हणतात. हसून म्हणतात, मला राग नाही. पण हा म्हातारा लोकांच्या बाथरूमच्या खिडक्या का बघत फिरतो, हे नीट कुणी विचारलं नाही. म्हणून इथे सांगतो. माझं शिक्षण सातवी. जे सांगतो ते पाहिलेलं आहे, आणि जे पाहिलेलं नाही ते आमच्या डॉक्टर साहेबांनी सांगितलेलं आहे.

मी फौजेत शिपाई होतो तेव्हाची गोष्ट. पोस्टिंग काश्मीरमध्ये, उंचावरच्या एका पोस्टवर. आम्ही सहा जण. सेक्शन कमांडर हवालदार मोहिते. त्यांच्याखाली नाईक विष्णू जाधव, मी आणि आणखी तिघे जवान. दगड आणि रेतीच्या गोण्यांचा बंकर, छत पत्र्याचं, त्यावर बर्फ. आत बुखारी. बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी लोखंडी शेगडी, तिचा पाइप छतातून बाहेर जातो. त्या थंडीत बुखारी नसेल तर माणूस सकाळ बघत नाही. ज्याने ती शोधली त्याला माझा सलाम.

रुटीन साधं होतं. दोघं बाहेर सेंट्रीला, म्हणजे पहाऱ्याला, चौघं आत. दर दोन तासांनी बदली. बर्फ वितळवून पाणी, चहा, वायरलेसवर रिपोर्ट, शस्त्रं साफ. भिंतीत हवेसाठी भोक होतं. खाण्याचा मोठा डबा दोन्हीकडून कापून तो भिंतीत बसवलेला. मूठ जाईल एवढं. बर्फाने बुजलं तर काठी घालून मोकळं करायचं. पण त्यातून वारा सुरीसारखा यायचा. ज्याची झोपायची जागा भोकाजवळ, तो हळूच त्यात मोजा कोंबायचा. मोहिते शिव्या देत मोजा काढायचे.

विष्णूच्या घरी विहिरी खोदायचं काम. बाप आणि आजा त्याच धंद्यात. तो सांगायचा, जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर खाली वाईट हवा, उतरायचं नाही. जळत राहिला तर बेधडक उतरायचं. आम्ही सगळे खेड्यातले, आमच्याकडेही तीच रीत. विष्णूने बंकरमध्ये खिळ्याला कंदील टांगला होता. "हा आपला सातवा जवान," तो म्हणायचा. "रजा मागत नाही, रम मागत नाही. हा जळतोय तोवर आपण जिवंत."

त्या दिवशी सकाळपासून वादळ होतं. दुपारी विष्णू आणि मी बाहेर सेंट्रीला. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. बदलीची वेळ झाली. बदली आली नाही.

"झोपली कुंभकर्णाची औलाद," विष्णू म्हणाला. "थांब, एकेकाच्या गळ्यात बर्फ घालतो."

असं कधी होत नाही. सेंट्रीची बदली चुकत नाही. विष्णूने मला खूण केली. वाकून बंकरच्या तोंडाशी असलेल्या अरुंद बोगद्यातून आत गेलो, ब्लँकेटचा पडदा बाजूला केला. आत छान ऊब होती. चौघं पडलेले. मोहिते भिंतीला टेकून बसलेले, तोंडावर लाली. इतके दिवस सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले, आणि त्या दिवशी ते लग्नातल्या नवरदेवासारखे दिसत होते. धूर नाही. वास नाही. कंदील जळत होता.

विष्णूने मोहितेंना हलवलं. मान एका बाजूला पडली. श्वास चालू होता.

मी वायरलेस घेतला. खाली बेसवर डॉक्टर साहेब होते, कॅप्टन. रोज वरच्या पोस्टची तब्येत तेच विचारायचे.

"साब, चार लोक उठत नाहीत. ओव्हर."

"चेहरा कसा आहे? ओव्हर."

"लाल आहे साब. चांगला दिसतोय. ओव्हर."

थोडी खरखर झाली. मग आवाज बदलला.

"बुखारी बंद. सगळ्यांना बाहेर काढा. अभी. ओव्हर."

"साब, बाहेर वादळ आहे. आत हवा ठीक आहे. कंदील जळतोय. ओव्हर."

"कंदील जळू दे! माणसं मरतायत. बाहेर काढा. आउट."

विष्णूने बुखारी बंद केली. कंदिलाकडे एकदा बघितलं. मला म्हणाला, "तू बाहेर. मी आतून ढकलतो, तू ओढ. बाहेर काढलेल्याला झोपू देऊ नकोस. मार, पण जागा ठेव."

"मीही आत येतो."

"बोगद्यात दोघं मावतात का, शहाण्या? बाहेर हो. ऑर्डर आहे."

बाहेर बंकरच्या आडोशाला मी गोणपाट टाकलं. विष्णूने पहिला ढकलला, मी ओढला. मग दुसरा. थंडीच्या कपड्यांत माणूस दुप्पट जड होतो आणि त्या उंचीवर बुटाची नाडी बांधली तरी दम लागतो. आतून विष्णूचा श्वास मला बाहेर ऐकू येत होता, भात्यासारखा. तिसऱ्या वेळी तो स्वतः तोंड बाहेर काढून ओकला. मी म्हटलं, "आता मी जातो." तो म्हणाला, "मोहिते राहिलेत फक्त. डोकं जरा दुखतंय, बाकी काय नाय." आणि परत आत.

मोहिते आले. आधी खांदे, मग पाय. त्यांच्या पायांमागे विष्णू यायला हवा होता. तो आला नाही.

मी आत गेलो. तो पडद्याजवळ पालथा पडला होता. ओढून बाहेर काढला. तोंडावर बर्फ चोळला, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. चौघं एक एक करून कण्हायला लागले. मोहितेंनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "मोजा कुणी घातला रे?" कुणीच घातला नव्हता. वाऱ्याने बर्फ लोटून भोक आणि पाइप दोन्ही बुजवली होती. काठीने मोकळं केलं, पण काम व्हायचं ते झालं होतं.

चौघं जगले. विष्णू नाही.

कंदील शेवटपर्यंत जळत होता. तो मीच विझवला.

हवामान उघडल्यावर हेलिकॉप्टरने डॉक्टर साहेब वर आले. कागदपत्रं झाल्यावर चहा घेऊन आमच्याजवळ गोणीवर बसले. मी विचारलं, "साब, दिवा खोटं कसा बोलला?"

साहेब म्हणाले, दिवा खोटं बोलला नाही. विहिरीत तळाशी जी वाईट हवा साचते ती वेगळी, तिच्यात दिवा विझतो. हा गॅस वेगळा. कार्बन मोनॉक्साइड. जळणाला हवा कमी पडली की होतो. याला रंग नाही, वास नाही, आणि दिव्याला हा कळतच नाही. जगालाही उशिरा कळला. आधी लोकांना वाटायचं कोळशाच्या धुराने माणूस मरतो. मग एका फ्रेंच माणसाने शोधलं की हा रक्तात जाऊन ऑक्सिजनची जागा धरून बसतो आणि उठत नाही. म्हणून चेहरा लाल. मग इंग्रजांच्या मुलखात एक शास्त्रज्ञ कोळशाच्या खाणीत मेलेल्या मजुरांची तपासणी करत होता. त्याने काय केलं? बंद खोलीत बसून हा गॅस स्वतः श्वासात घेतला आणि आपलं रक्त तपासत राहिला. कुठवर माणूस टिकतो बघायला. मी म्हटलं, वेडाच होता. साहेब म्हणाले, तसले वेडे होते म्हणून आपल्याला कळलं. त्यानेच सांगितलं, खाणीत उतरताना पिंजऱ्यात छोटा पक्षी न्या. पक्षी भराभरा श्वास घेतो, त्याला गॅस आधी चढतो. तो पडला की माणसांनी बाहेर पळायचं.

मग मी विचारलं, "साब, चौघं कधीचे आत होते, ते जगले. विष्णू तर नंतर गेला."

साहेबांनी चहा खाली ठेवला. "ते निजलेले होते. श्वास हळू. हा ओझं ओढत होता."

पुढचं सांगायची गरज नव्हती. विष्णूचा श्वास मी ऐकला होता.

त्यानंतर माझी सर्व्हिस बरीच झाली. हवालदार होऊन रिटायर झालो. अंबरनाथला एका केमिकल कंपनीत गेटवर काम केलं. तिथे भिंतीवर हा गॅस ओळखणारं यंत्र होतं, काडेपेटीहून थोडं मोठं. गॅस आला की कोकलतं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी बराच वेळ उभा राहिलो. आता पक्ष्याचीही गरज नाही. शास्त्र पुढे जातं, मला ते आवडतं. सुमन लग्नाआधी जांभूळला ओल्या लाकडांवर हंडाभर पाणी तापवायची, डोळे चोळत. आमच्या मुलीच्या घरी बटण दाबलं की पाच मिनिटांत बादली. वाईट काय आहे त्यात? काहीच नाही. एवढंच आहे की चुलीचा धूर डोळ्यांत जायचा म्हणून माणूस आपोआप खिडकी उघडायचा. गीझरला धूर नाही. ज्योत निळी, सुंदर. मग खिडकी लक्षात ठेवून उघडी ठेवावी लागते.

तर त्या संध्याकाळी वाल सोलून झाले. सुमनने पातेल्यावर ताट ठेवलं. म्हणाली, "छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय." पाणी दिलं. रिक्षा आणली. हॉस्पिटलच्या दारात तिने माझ्या मनगटावरची पकड सोडली. डॉक्टरांनी त्यांचं काम केलं. हृदय बंद पडलं होतं. त्यापलीकडे मला लिहायचं नाही.

सकाळी तिला घरी आणलं. मुलगी पुण्याहून आली होती. जांभूळहून तिचे भाऊ, भावजया, पोरं, पंचवीस-तीस माणूस जमलं. तयारी चालू होती. मी तिच्याजवळ बसलो होतो. राकेश वर आला. पाया पडला. पोरगा चांगला आहे. माझ्या मोठ्या मेहुण्याला म्हणाला, "मामा, नदीवरून आल्यावर अंघोळीला सगळे आमच्याकडे या. इथे एकच बाथरूम आहे. आमचा गीझर चालू ठेवतो, गरम पाणी भरपूर आहे. टेन्शन नका घेऊ."

आमच्यात स्मशानातून आलं की अंघोळ केल्याशिवाय कुणी कशाला शिवत नाही. थंडीचे दिवस. म्हणजे एकामागून एक माणूस, दार बंद, गीझर न थांबता चालू, आणि खिडकीला थर्माकोल.

मी उठलो.

"आबा, कुठे निघालात?" मुलीने विचारलं.

"खाली. आलो."

"आबा, आत्ता? आई..."

"तिचंच काम आहे."

स्वयंपाकघरात वालाचं पातेलं तसंच होतं. सुतकातल्या घरचं कुणी घेत नाही, म्हणून वाटी नेता आली नाही. रिकाम्या हाताने गेलो. राकेश मागून धावत आला. "काका, काय पाहिजे? मी आणतो."

त्याच्या घरात गेलो. मी ओरडलो नाही. सुमन बसली असती तसा खाली चटईवर बसलो आणि बाळाला मागितलं. त्याच्या बायकोने बाळ क्षणभर छातीशी धरून ठेवलं. माझ्या घरात मयत, अंगाला सुतक. मग दिलं. बाळाने माझ्या मिशीला हात घातला.

मी राकेशला विष्णूची गोष्ट सांगितली. थोडक्यात. बर्फ, लाल चेहरे, कंदील. शेवटी म्हटलं, "तुझ्या गीझरची ज्योत निळी आहे. आमचाही दिवा जळत होता."

राकेश उठला. स्टूल घेतलं, बाथरूममध्ये गेला. चिकटपट्टी फाटल्याचा आवाज आला. त्याची बायको म्हणाली, "बेबीला मी बाहेर हॉलमध्ये पुसेन, काका. शेक देईन." मी म्हटलं, "शाबास." बाळ परत दिलं. आत जाऊन काचपट्ट्यांमधून हात बाहेर घातला. वारा होता.

मग वर आलो आणि सुमनला खांदा दिला.

नदीवरून परतल्यावर लोक राकेशकडे अंघोळीला गेले. मी त्याच्या दाराबाहेर जिन्यावर ओल्या धोतरात बसलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही आधी करा, गारठाल." मी म्हटलं, "सगळे होऊ द्या." जो बाहेर येईल त्याचा चेहरा बघत होतो. सगळ्यांचे चेहरे रडून काळवंडलेले होते. लाल एकही नव्हता.

शेवटी मी आत गेलो. दाराला कडी लावली नाही. पहिला तांब्या डोक्यावर घेताना नाईक विष्णू जाधवचं नाव घेतलं, दुसऱ्याला सुमनचं. पाणी गरम होतं. पाठीला खिडकीतून गार वारा लागत होता. अंघोळ संपेपर्यंत तो लागत राहिला.