काटा शून्याच्या मागं गेला

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीकडच्या गोरेगावात माझ्या दुकानात विहिरीवरची जळालेली मोटार उघडून बसलो होतो. फोन ठेवला आणि मोटारीचं काम संपवूनच उठलो. मी असा माणूस आहे, आधीच सांगून टाकतो.

मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे आत तार गुंडाळायचं काम, मी आणि प्रल्हाद एकाच बाकावर शिकलो. मी तिथंच राहिलो, हा गडी पुढं निघाला. डोक्यात एकच खूळ, कारखान्यात वीज नेमकी किती लागून राहिली ते ऑफिसातल्या काट्यावर दिसलं पाहिजे. त्यासाठी त्यानं एक डबी बनवली. ट्रान्सड्यूसर म्हणायचा तिला. मोटारीची वायर तारेच्या वेढ्यांच्या कडीतून ठरल्या बाजूनंच जायची. कडी करंट ओळखायची, डबी त्याचा व्होल्टेजशी गुणाकार करून काटा हलवायची. एक वेढा चुकला तर हा सगळी कडी उकलायचा. मी त्याला चारचौघांत 'शास्त्रज्ञ' म्हणायचो, आणि ते कौतुकानं नव्हे.

गावात एसटीडी बूथ नवा होता त्या दिवसांत एका कंपनीचे साहेब हिंगोलीजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये डबी बघायला आले. पसंत पडली तर प्रल्हादला पुण्याला डिझाइनच्या कामावर घेणार होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला प्रल्हाद साहेबांना डबी समजावून सांगत होता, म्हणून कडी मी बसवली. घाईत उलटी बसवली. मोटार सुरू झाली आणि काटा पुढं जायचा सोडून शून्याच्या मागं खिळ्याला जाऊन टेकला. तुमची मोटार वीज तयार करते की काय, असं साहेबांनी विचारलं. सगळे हसले. मला चूक त्याच क्षणी कळली होती. कडी फिरवायला अर्धं मिनिट पुरलं असतं... नाही फिरवली. हा पुण्याला जाणार आणि मी इथं ग्रीसमध्ये हात घालून मरणार, हे मला सोसवत नव्हतं. जळत होतो मी. सगळ्यांत मोठ्यानं हसलो, आणि तो बघायला वळेपर्यंत कडी काढून पिशवीत टाकली. साहेब नाही म्हणून गाडीत बसले.

परतताना जीपमध्ये प्रल्हाद एवढंच म्हणाला, "माझंच कायतरी चुकलं असंल."

"असंल," मी म्हणालो.

पुढं रोज संध्याकाळी त्याच्या घरी चहा प्यायलो. बारा वर्षं.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याची शेवटची डबी दाखवली. कडी कशीही घाला, काटा सरळच जायचा. कडी उलटी बसली असणार हे त्याला मागाहून उमगलं होतं म्हणे. कोणाचं नाव घेतलं नाही. लोकांच्या हातून असं होणारच, ते आपण आधीच धरायला पाहिजे होतं, असं म्हणून त्यानं दोष स्वतःकडंच घेतला. मग मला राहवलं नाही. कळलं तरी गप्प बसलो, हे सगळं सांगितलं... पेपरात लिहू का, तेही विचारलं.

वहिनींनी डबीचं झाकण लावलं. "लिहा भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण त्यात त्यायचा मित्र होतो असं लिहू नका."