डोक्यावरून आंघोळ बंद

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. आईला घेऊन मी अहमदपूरच्या मोतीबिंदू शिबिरात गेलो, तर शेजारच्या खाटेवर कपाळभर भस्म लावलेले एक आजोबा. नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण ते बोलायचे थांबतच नव्हते.

"सुरीला लई भ्यायचो. पोरगं दरसाल म्हणायचं, मी दरसाल पळायचो."

"मग यंदा कसे आलात?"

"डाक्टर म्हणला, आप्रेशननंतर म्हैनाभर डोक्यावरून आंघोळ बंद. म्हणलो, काप बाबा! सून लांबून पाणी आणायली, अन् मला आंघोळीबिगर लिंगपूजा चालत न्हाई. आता डाक्टरचाच हुकूम हाय, देवबी काय बोलंल?"

आई तोंडाला पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवशी आजोबांची पट्टी काढली. सून पाया पडायला वाकली, तसा तिच्या डोक्यावरचा पदर सरकला. आजोबांनी पुढे वाकून तिच्या टाळूवर हात ठेवला.

"टाळूवरचं केस कुठं गेलं गं, माय?"

"घागरीनं झिजले, मामा. लई दिस झाले."

आजोबांनी डॉक्टरांना हाक मारली.

"सायब, ह्यो दुसरा डोळाबी कापून टाका. तेवढाच आणखी एक म्हैना."