दोन मनगटांमधलं अंतर

चहाची वाफ नाकाला कळली, कपाची ऊब तळव्याला कळली. उजव्या करंगळीला मात्र काहीच कळलं नाही. मार्च महिना होता. धुळ्याच्या देवपुरातल्या गच्च्या सकाळीच तापू लागल्या होत्या, आणि माझं एक बोट एकटंच हिवाळ्यात राहिलं होतं.

आपल्या मनगटाचा विचार कोण करतो? मीही चाळिशीपर्यंत केला नव्हता. ठिबकच्या झडपा कधी उघडाव्यात, कधी मिटाव्यात, हे ठरवणारे प्रोग्रॅम मी घरून लिहितो. केळीच्या मुळाशी थेंब थेंब पाणी पोहोचवण्यात माझी कित्येक वर्षं गेली, आणि तेवढीच वर्षं माझी दोन्ही मनगटं छातीसमोर वाकडी होऊन बसली. डॉक्टर म्हणाले, हात सरळ राहतील असा कीबोर्ड घ्या, तीन महिने पाहू. फरक पडला नाही तर हे काम सोडावं लागेल. जळगावच्या ऑफिसातल्या साहेबांनी तत्परतेने सोय सुचवली: मोठं टेबल, उंच पाठीची खुर्ची आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासण्याचं पद. लोकांनी अभिनंदनही केलं! पोहणाऱ्याला काठावर खुर्ची टाकून द्यावी, तसा तो सन्मान होता. मला पाण्यातच राहायचं होतं.

मग निवड सुरू झाली. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग असते. काही बटणं गुळगुळीत खाली जातात, काही मध्येच बोटाला हलका खडा लागल्यासारखी जाणवतात, काही टकटक वाजतात. एवढीशी गोष्ट, पण इंटरनेटवर तिचा केवढा संप्रदाय! एका बटणाच्या आवाजाला कुणी पावसाची उपमा देतो, कुणी संगमरवराची. आठ मिनिटांच्या चित्रफितीत एक गृहस्थ डोळे मिटून फक्त स्पेसबार ऐकतात. यातल्या कुणी त्या कीबोर्डावर काही लिहिलंही असेल का, अशी मला शंका येते. धुळ्याच्या दुकानदाराने निदान गूढ तरी केलं नाही. "भाऊ, आवाज सोडा," तो म्हणाला, "लाईट देखा, सात रंगनी शे!" हात दुखतो म्हटल्यावर त्याने आठवा रंगही दाखवला.

शेवटी मी दोन तुकड्यांचा कीबोर्ड मागवला, डाव्या हाताचा वेगळा, उजव्याचा वेगळा, मध्ये फक्त एक वायर. बोटाला खडा लागणारी बटणं निवडली. पार्सल आलं, मांडलं, आणि पहिल्याच तासाला अडचण आली. इंग्रजी बी हे अक्षर मी आयुष्यभर उजव्या हाताने दाबत आलो होतो, आणि ते आता डाव्या तुकड्यावर होतं. माझं बोट दर ओळीला रिकाम्या टेबलावर आपटे. काम खोळंबलं होतं, तेव्हा मी दोन्ही तुकडे सरकवून एकमेकांना घट्ट भिडवले. तात्पुरते, असं स्वतःला सांगितलं. त्या तात्पुरत्यात दोन महिने गेले. करंगळी बधिर ती बधिरच. आणि मी स्प्रिंगना दोष देत नव्या स्प्रिंग शोधत होतो.

आमच्या गल्लीत राहणाऱ्या अक्का सणावाराला ऑर्डरचे पुरणाचे मांडे करतात. एका दुपारी त्या मोबाईलवर आलेली ऑर्डर वाचून घ्यायला आल्या, आणि टेबलापाशी थबकल्या.

"हाई काय शे रे भाऊ? तुटी गयं का?"

"नाही अक्का, दोन तुकड्यांचाच आहे. हात लांब राहावेत म्हणून."

"मंग चिकटाडी कसाले ठेवं?"

चिकटवून का ठेवलेत, ते मी सांगू लागलो: बी अक्षर, खोळंबलेलं काम. अक्कांनी मात्र दोन्ही हात पुढे केले, खांद्यांइतके लांब, कोपरं सैल, जणू त्यांवर पुरण भरलेली सैल कणीक लोंबते आहे. या हातावरून त्या हातावर झेलत मांडा कसा वाढतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. हात जवळ आले की तो फाटतो, मनगट ताठरलं तरी फाटतो. "हात आवरी लिधा का मांडा गया," त्या म्हणाल्या, आणि ऑर्डर वाचून घेऊन निघून गेल्या. एवढी वर्षं चुलीवरच्या तापल्या खापरासमोर उभं राहूनही त्यांची करंगळी शाबूत आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

मी तुकडे दूर केले. पुढचा आठवडा अपमानाचा होता: बोट टेबलावर ठोकत, पहिलीतल्या मुलाच्या गतीने मी लिहीत होतो. आपण साधन विकत घेतो, पण सवय मात्र जुनीच त्याच्यावर बसवतो; आणि मग साधनालाच नावं ठेवतो. डावा हात हळूहळू शिकला. तीन महिन्यांची मुदत संपायला आली तेव्हा करंगळीत मुंग्या आल्या, मग दुखलं, आणि त्या दुखण्याचा मला आनंद झाला.

साहेबांना नकार कळवला, तेव्हा ते हिरमुसले; खुर्ची आधीच येऊन पडली होती. त्याच आठवड्यात एका झडपेची चूक शोधताना मी मान वर केली, तर दुपार उलटून गेली होती. चूक सापडली होती, आणि सकाळपासून एकदाही मला हात असल्याची आठवण झाली नव्हती.