काकांचे चारशे अकरा प्रश्न

ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत. बावन्नाव्या वर्षी प्रोग्रॅमरला काका म्हणतात तेव्हा त्यात आदर किती आणि इशारा किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. काकांनी आदर धरला होता.

कंपनी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पेशंटच्या हातात जो रिपोर्ट पडतो, एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल एवढं ते एवढं', तो छापणारा प्रोग्रॅम काकांचा. सतरा वर्षं ते तोच सांभाळत होते. कोडमध्ये जागोजागी त्यांनी पुढच्या माणसासाठी टिपा लिहून ठेवल्या होत्या. त्यातली एक अशी: 'इथे हात लावू नये. कारण आठवत नाही, पण लावू नये.' पुढचा माणूस कधी आलाच नाही, त्यामुळे ही सूचना काका एकटेच पाळत होते.

मग वरून फर्मान आलं. सहा प्रोग्रॅमरांना प्रत्येकी एक एआय सहायक मिळेल. तीन महिने त्याच्या मदतीने सगळ्यांनी आपलं कौशल्य वाढवावं. नंतर आढावा, आणि सहांपैकी चारजण राहतील. बाकी पाचजणांनी फर्मानातला 'चार' वाचला. काकांनी 'कौशल्य वाढवावं' हे वाचलं. शेवटी बारीक अक्षरात होतं की सहायकाशी झालेलं सगळं बोलणं कंपनीकडे जमा राहील. त्याने काकांना उलट धीर आला. मेहनत दिसेल, असं त्यांना वाटलं.

ते सकाळी साडेसातला येऊ लागले. फरशी पुसणाऱ्या बाई खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून गेलेल्या असत. काका आपली तेवढी सरळ करून बसत. त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता: कोड सहायकाकडून लिहून घ्यायचं नाही. आधी आपण लिहायचं, मग कुठे चुकलं ते विचारायचं, आणि कळेपर्यंत विचारत राहायचं. विचारताना ते 'अहो' म्हणत. 'अहो, काल कळलं म्हणालो होतो, पण कळलं नव्हतं. पुन्हा सांगता का?' पलीकडून पुन्हा सांगितलं जाई, न कंटाळता. बऱ्याच वर्षांत काकांशी इतकं न कंटाळता कोणी बोललं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर सत्तावीस वर्षांचा प्रोग्रॅमर बसे. कामाच्या वेगामुळे त्याला सगळे झटपट म्हणत.

"काका, कशाला एवढं खपताय? 'लिहून दे' म्हणा, देतो तो."

"अरे, पण मला यायला नको का?"

"त्याला येतंय ना. दोघांना येऊन काय करायचंय?"

"आणि त्याचं चुकलं तर?"

"तर 'दुरुस्त कर' म्हणायचं." झटपट जरा जवळ सरकला. "आणि शंका असल्या तर घरी मोबाइलवर विचारा. इथे नका विचारू. सगळं दिसतं वरती."

"दिसू दे की. मोबाइलवरची अक्षरं मला दिसत नाहीत."

काकांची बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. जेवताना ती त्यांची उजळणी घेई. विषय तिला कळत नसे, पण थापा मारणारा विद्यार्थी कसा दिसतो ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"आज अडखळत नाही आहात," ती एकदा म्हणाली. "म्हणजे आलं."

"तीन दिवस तेच विचारतोय. लाज वाटते गं."

"माझ्या वर्गात जो विचारतो त्याला मी पुढे बसवते."

कंपनी तिच्या वर्गात भरत नव्हती, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही.

दुसऱ्या महिन्यात काकांनी सहायकाला सांगितलं, माझी परीक्षा घ्या. पहिलाच प्रश्न सोपा आला: जन्मतारखेवरून वय काढून दाखवा. काकांनी चालू वर्षातून जन्मवर्ष वजा केलं आणि उत्तर पाठवलं. पलीकडून विचारणा आली, यंदाचा वाढदिवस अजून यायचा असेल तर? काकांनी प्रश्न पुन्हा वाचला. मग त्यांनी स्वतःचा जुना प्रोग्रॅम उघडला. वयानुसार नॉर्मलचे आकडे निवडणारा भाग त्यांनी अकरा वर्षांपूर्वी लिहिला होता, आणि तिथेही अशीच वजाबाकी होती. डिसेंबरात जन्मलेलं बाळ जानेवारीत त्या प्रोग्रॅमच्या लेखी एक वर्षाचं होत होतं. गेली अकरा वर्षं चार आठवड्यांच्या बाळांना मोठ्या पोरांच्या मापाने मोजलं जात होतं.

काकांनी विचारलं, 'अहो, हे माझंच आहे. हे चूकच आहे ना?'

होय, असं उत्तर आलं, आणि का ते व्यवस्थित समजावलेलं होतं.

काकांनी ते चार दिवसांत दुरुस्त केलं. दुरुस्ती बरोबर चालते का ते तपासणाऱ्या चव्वेचाळीस चाचण्या लिहिल्या, त्याही स्वतः. मग टीमच्या प्रमुख मॅडमना सविस्तर पत्र लिहून सगळं कळवलं आणि जुने रिपोर्ट तपासायला लॅबना सांगावं असं सुचवलं. महिनाअखेरीस ग्राहकांना जे पत्रक गेलं त्यात ही दुरुस्ती 'नवीन सुविधा' या मथळ्याखाली होती: वयाची गणना आता अधिक अचूक. जुन्या रिपोर्टांचा उल्लेख नव्हता.

आढाव्याला काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मॅडम त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान होत्या आणि स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी आधी पाणी पुढे केलं.

"काका, मी सहायकालाच सांगितलं, सगळ्यांच्या बोलण्यावरून प्रत्येकाच्या उणिवांची यादी काढ. तुमची नऊ पानं झाली."

"आणि झटपटची?"

"अर्धं पान. त्याने काही विचारलेलंच नाही."

"त्याने नुसतं लिहून घेतलं, मॅडम."

"विचारावं लागलं नाही, असंही म्हणता येईल." त्यांनी पान उलटलं. "चारशे अकरा प्रश्न, काका. त्यातले एकोणीस एकाच विषयावर."

"विसाव्यांदा विचारावं लागलं नाही."

"आणि हे वयाचं प्रकरण. अकरा वर्षं."

"ते मीच शोधलं. मीच कळवलं तुम्हाला."

"हो, म्हणून तर कळलं," मॅडम मनापासून म्हणाल्या.

काकांनी नऊ पानं चाळली. एकही ओळ खोटी नव्हती. "मॅडम, यातलं मला आता काय काय येतं, ते नाही का काढलं?"

"फॉर्मात तसा रकाना नाहीये."

शुक्रवारपर्यंत काम झटपटच्या हवाली करायचं ठरलं. ते चार दिवस काकांनी त्याला कोड ओळीओळीने समजावलं. तीन महिन्यांपूर्वी त्यांना हे जमलं नसतं. तेव्हा प्रोग्रॅम चालतो एवढंच त्यांना माहीत होतं, आता का चालतो तेही सांगता येत होतं. हात लावू नये तिथे का लावू नये, हेसुद्धा त्यांनी शोधून काढलं होतं. झटपट मान डोलवत होता आणि काकांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करत होता.

"लिहून घे की," काका म्हणाले.

"तो काढेल ना सारांश."

पुढच्या आठवड्यात काका घरच्या टेबलावर नोकरीचा अर्ज भरायला बसले. कंपनी दुसरी, काम तेच. बायको वह्या तपासत बाजूला बसली होती. दहाव्या रकान्यात होतं: प्रोग्रॅमिंगमधलं आपलं कौशल्य, एक ते पाच.

"पाच टाका," ती म्हणाली.

"पाच नाही येत."

"सतरा वर्षं केलंत ना?"

"तेव्हा पाचच टाकले असते. तेव्हा माहीत नव्हतं, किती आहे ते."

"मग चार तरी."

काकांनी तीन टाकलं. ज्यांना खरोखर तीन येतं ती माणसं काय काय जाणतात, हे आता त्यांना नीट ठाऊक होतं. त्यांनी तीन खोडून दोन केलं आणि अर्ज पाठवला.

उत्तर लगेच आलं. अर्जाबद्दल आभार मानलेले होते. या जागेसाठी किमान तीन लागतात, असं पुढे लिहिलेलं होतं, आणि सहा महिने पुन्हा अर्ज करता येणार नव्हता.

"काय म्हणतात?" बायकोने वहीतून मान वर न करता विचारलं.

"आभारी आहेत," काका म्हणाले.