फळ्यावरची कालची ओळ

आमच्या शाळेत मराठीच्या तासाला एक मंत्र चालायचा. उत्तर उताऱ्यातच असतं. मला त्याचा मनस्वी राग यायचा. नव्वदच्या दशकात मी शिकवायला लागले, तेव्हापासून मुलांच्या डोक्यातून तो मंत्र काढायचा मी चंगच बांधला होता. उतारा कुणी लिहिला, कधी लिहिला, कुणासाठी, आणि लिहिताना तो माणूस कुठं होता, हे विचारल्याशिवाय मी पुढचा प्रश्न घेत नसे. मुलं कंटाळायची. मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, परीक्षेत हे येत नाही."

उदाहरणासाठी मला लांब जावं लागत नसे. माझी थोरली बहीण, आक्का, पंचगंगेच्या अंगाला राहायची. गल्लीत निम्मी घरं म्हशीवाल्यांची, आणि गल्लीच्या तोंडाला तालमीचा फळा. नळाला पाणी कधी येणार, फुटबॉलचा सामना कुणाशी, कोण वारलं, रक्षाविसर्जन किती वाजता, सगळं त्या फळ्यावर यायचं. लिहिणारे गृहस्थ तालमीचेच जुने कार्यकर्ते. अक्षर असं, की उभं राहून बघत राहावं. 'रविवारी मैदानात भेटू' एवढंच लिहिलेलं असायचं. पण गेल्या सामन्यानंतर दोन्ही पेठांची डोकी फुटली होती हे ज्याला ठाऊक, त्याला त्या ओळीत सरळ दमदाटी दिसायची. मी वर्गात हीच ओळ द्यायचे.

आक्काचे यजमान, आमचे दाजी, माझी यथेच्छ टिंगल करायचे. संध्याकाळी दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर धार काढता काढता म्हणायचे, "मास्तरीणबाई, फळा तरी सरळ वाचू द्या की. फळ्यावर आलं म्हंजे खरं. आमच्या फळ्यानं जित्या माणसाला कधी मारल्यालं न्हाय."

सगळा कट्टा हसायचा. मीही हसायचे. दाजी मला फार आवडायचे.

दोन हजार सालानंतर तो मोठा पूर आला. आमची शाळा उंचावर, म्हणून पूरग्रस्तांची सोय तिथं केली होती. वर्गातले बाक भिंतीला लावून मी आक्काला आणायला गेले. गल्लीच्या खालच्या टोकाला पाणी होतं. खळखळाट नाही, काही नाही, नुसतं उभं. म्हशीही ओरडत नव्हत्या. दावणीला बांधलेल्या सगळ्या म्हशी एकाच बाजूला तोंड करून उभ्या होत्या. मला ते बघून कसंतरीच झालं.

फळ्यावर लिहिलं होतं, 'पाणी उतरू लागले आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.'

अक्षर नेहमीसारखंच देखणं. खाली तारीख नाही, वेळ नाही. पावसाच्या बाजूची अक्षरं ओल धरून पसरली होती. म्हणजे आत्ताचं लिहिलेलं नव्हतं.

दाजी गोठ्याच्या दारातून म्हणाले, "उतरतंय की. लिवलंय न्हवं?"

"कधी लिहिलंय, दाजी?"

"आता फळ्याला जन्मतारीख इचारता व्हय?"

माझं डोकं फिरलं. मी तडक लिहिणाऱ्याच्या घरी गेले. दाराला बाहेरून कुलूप. गॅलरीतल्या गाद्या नाहीत, तुळशीची कुंडीसुद्धा नेलेली. शेजारची बाई बोचकं बांधत होती. ती म्हणाली, "ते सकाळीच गेलं की, वर उंचावर, राजारामपुरीत लेकीकडं. पेपर आला, त्यात बघून फळा लिवला. म्हणलं, लोकास्नी धीर हुईल. आन् बसलं टेंपोत."

पेपरात आदल्या संध्याकाळची बातमी. धरणाचे दरवाजे उघडले ते आज सकाळी, शाळेत आम्ही सगळ्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. फळ्यावरच्या त्या ओळीत खोटं काहीच नव्हतं. ती कालची होती, एवढंच.

मी गल्लीत मधोमध उभी राहून ओरडले, "घाबरू नका म्हणणारा स्वतः घर मोकळं करून गेलाय!"

मग गल्ली हलली. दावी सुटली, टेंपो आले, पोरंबाळं वर चढली. दाजींनीही म्हशी सोडल्या आणि पोरांबरोबर वर धाडल्या. एक तेवढी राहिली. तिचे दिवस भरले होते. ती बसली ती उठेना.

"ही मोकळी झाली की रेडकू खांद्यावर टाकून येतो," दाजी म्हणाले.

"धरणाचे दरवाजे उघडलेत, पाणी वाढतंय, दाजी. मी सांगतेय ना!"

"वाढंल थोडं. अगदीच खोटं कसं लिवत्याल?"

मी रागावले, रडले, त्यांचा सदरा धरून ओढला. आक्का फक्त "चला वो" म्हणाली. ते हसले. "आक्काला घिऊन जावा. आलोच मी. चहा टाकून ठेवा म्हणावं."

मी आक्काला घेऊन गेले. तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात खरंच चहा टाकला आणि झाकून ठेवला.

उजाडल्यावर नाव गेली. गोठ्याची मागची भिंत मातीची. भिजून भिजून आत बसली होती. दाजी तिच्याखाली सापडले. म्हैस मात्र कशी कोण जाणे पोहत बाहेर पडून तालमीच्या पायऱ्यांवर उभी होती.

पाणी ओसरलं तसे फळा लिहिणारे गृहस्थ परत आले. आक्कासमोर त्यांना मान वर करता येईना. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला कळतं. तरी मला त्यांचा राग येतो, आजही येतो.

उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी मी आक्काला घर झाडायला घेऊन गेले. गल्लीभर चिखलाचा वास होता. फळा धुऊन पुसून नवा लिहिलेला. आक्का कधी शाळेत गेली नव्हती. ती फळ्यापुढं थांबली.

"काय लिवलंय?"

मी वाचलं. वर दाजींचं नाव, मग दुःखद निधन, मग उत्तरकार्याची तारीख, वार, आणि सकाळी ठीक दहा वाजता. तेच अक्षर, तसंच देखणं.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्या खेपंला येळ लिवलीया व्हय?"

"लिहिलीय, आक्का," मी म्हणाले.