इरावतीचा शांत डाव

माझ्या धाकट्या जावेबद्दल कुणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की सरोजिनीबाई तोंडावर गोड आणि आतून कडू. आणि पंचाईत अशी, की लोक तिच्याबद्दल चांगलंच बोलतात. भाजीवाला माझ्या पिशवीत बटाटे टाकता टाकता विचारतो, "वो ऊपरवाली दीदी नहीं आईं आज?" ऊपरवाली दीदी! साठी उलटलेली बाई ती! आणि मी खालची कोण, तर 'माताजी'. आमच्यात चार वर्षांचं अंतर आहे फक्त.

इरावती वरच्या मजल्यावर राहते, मी खाली. इंदूरच्या लोकमान्य नगरातलं हे घर आमच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, नोकरीत असताना बांधलं आणि दोन मुलांना दोन मजले दिले. अण्णांना बुद्धिबळाचा भारी नाद. नवी सून घरात आली की सत्यनारायण आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे पट मांडायचा, अशी या घरची रीत. दुसऱ्या घरी उखाणा विचारतात, आमच्याकडे विचारायचे, "पांढरी घेतेस की काळी?" मला तेव्हा घोडा कसा चालतो हेही ठाऊक नव्हतं. पण मी जिद्दीची. वर्ष फिरायच्या आत मी अण्णांना हरवायला लागले, तेही काळी मोहरी घेऊन, सिसिलियन नावाचा बचाव खेळून. आणि सिसिलियनमध्येही सगळ्यात तिखट, ड्रॅगन. त्यात पांढरा माझ्या राजावर चालून येतो आणि मी त्याच्या, दोघांपैकी एकाचं घर जळणार हे ठरलेलं. अण्णा खूश होऊन बोहरा बाखल मोहल्ल्यातल्या मित्रांना सांगायचे, "आमची थोरली सून म्हणजे तोफ आहे तोफ!" मला अभिमान वाटायचा. तोफ म्हणवून घ्यायला कुणाला आवडणार नाही?

मग ही आली. जवळच्याच बेटमा गावच्या शाळामास्तरांची मुलगी, बुद्धिबळ घरूनच शिकून आलेली. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी तिला माझ्यासमोरच बसवलं. मी ड्रॅगन मांडला. म्हटलं, ये, ये हल्ला करायला. तर या बाईने काय करावं? उंट एक घर पुढे काढला, राजाला शहाण्या मुलासारखं किल्ल्यात नेलं आणि पदर सारखा करून बसून राहिली. ना मारामारी, ना आरडाओरडा. मी इकडून तिकडून टोचून बघितलं, पण ती आपली एकेक मोहरं नीट जागेवर ठेवतेय, जशी काही मांडणीत भांडी लावतेय. डाव बरोबरीत सुटला. अण्णा म्हणाले, "हिचा खेळ बघत बसावासा वाटतो."

झालं. त्या दिवसापासून माझ्या मनात जे बसलं ते बसलं. मी तोफ, पण तोफेकडे बघत कोण बसतं?

पुढे ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली. आवाज कधी चढवला नाही म्हणे तिने वर्गात. अजून तिच्या जुन्या विद्यार्थिनी मिठाईचे डबे घेऊन येतात, चुकून आमची बेल वाजवतात आणि मला बघून त्यांचं तोंड पडतं. इरावती चहा घेणार तो अर्धा कप. भांडण झालं तर "असेल वहिनी, तुमचंच बरोबर असेल" म्हणून जिना चढून वर. अरे, भांड ना! समोरचीने भांडायचंच नाही ठरवलं तर मी काय भिंतीशी भांडू? तिला मूल झालं नाही. त्यावरून बायका 'बिचारी' म्हणायच्या, तर माझा संताप व्हायचा. बिचारी कसली? गोगलगाय आणि पोटात पाय. अण्णा गेल्यानंतर मी तिच्याशी खेळणं बंद केलं. तिने एकदाही विचारलं नाही की वहिनी, का?

एवढं सगळं माझ्या मनात असलं, तरी एक गोष्ट फक्त माझी होती. माझी नात ऋजुता. मानस आणि श्रेया, माझा मुलगा-सून, दोघंही सकाळी ऑफिसला जातात, तेव्हा पोर माझ्याच मांडीवर वाढली. तिला पट मी दाखवला, मोहरी मी ओळखायला शिकवली आणि पांढरी घेऊन ड्रॅगनवर तुटून कसं पडायचं तेही मीच. राजा एका बाजूला न्यायचा आणि दुसऱ्या बाजूने कडेचं प्यादं दामटत काळ्याच्या राजाच्या दारात. तेरा वर्षांची झाली तेव्हा इंदूरमध्ये तिला ओळखत नाही असा बुद्धिबळाचा मास्तर नव्हता.

पण राज्याच्या स्पर्धेच्या आधी ती त्याच लाइनमध्ये, म्हणजे त्याच ठरलेल्या चाली खेळून, लागोपाठ हरली. घरी येऊन बॅग फेकली आणि म्हणाली, "आजी, ही लाइन सगळ्यांना रटलेली आहे यार. कॉम्प्युटरवरून. मी हल्ला करेपर्यंत त्यांचं उत्तर तयार असतं."

"मग तू आणखी पाठ कर," मी म्हटलं.

ती बॅग उचलून आत गेली. पण मग दुपारी ती घरात दिसेनाशी झाली. मला वाटलं मैत्रिणीकडे जाते. एक दिवस मी साबुदाण्याची खिचडी घेऊन वर गेले, तर दार उघडंच. सतरंजीवर पट, एका बाजूला इरावती, एका बाजूला माझी ऋजुता. आणि दोघी हसत होत्या! इरावती म्हणत होती, "समोरचीला चिडू दे. आपण चहा पिऊ." आणि ऋजुता खीखी करून लोळत होती. मी या पोरीला बुद्धिबळ शिकवलं, जिंकायला शिकवलं, पण पटावर तिला कधी हसवलं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खिचडी ओट्यावर ठेवली आणि खाली आले. कुणी हाकसुद्धा मारली नाही.

राज्य स्पर्धा यंदा इंदूरलाच होती, सिमरोलच्या वाटेवरच्या एका कॉलेजात. पहिल्या दोघींना नॅशनल. शेवटच्या फेरीची जोडी आदल्या दिवशी संध्याकाळी लागली. ऋजुताला पांढरी मोहरी, समोर जबलपूरची मुलगी. बरोबरीने भागणार नव्हतं, जिंकलीच पाहिजे. आणि जबलपूरची ती मुलगी ड्रॅगन सोडून दुसरं काही खेळतच नाही.

ऋजुता पटावर मोहरी मांडत होती आणि पुन्हा मोडत होती. इरावती खाली आली. देवाजवळ मी दिवा लावत होते, तिथे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, या घरात ड्रॅगन तुम्हीच खेळता. थोडा वेळ तिच्यासमोर बसा ना."

बसले. का नाही बसणार? माझ्या नातीसाठी बसले असं वाटलं असेल सगळ्यांना. मी इरावतीच्या त्या शांत लाइनचा निकाल लावायला बसले होते.

ऋजुताने तसंच केलं, उंट एक घर पुढे, राजा किल्ल्यात, घोडा पटाच्या मधोमध. अगदी इरावतीसारखी पाठ ताठ करून बसली होती. मला तेही बघवेना. मी थांबले आणि मग वजिरापुढचं प्यादं एक घर पुढे ढकललं. बस्स, एवढंच. मध्य फुटला, माझा कोपऱ्यातला उंट मोकळा झाला आणि पटभर आग लागली. ऋजुताने इरावतीकडे, तिच्या इराआजीकडे, बघितलं. इरावती म्हणाली, "कॉम्प्युटरचं इंजिन तर इथे बरोबरी दाखवतं." असेल. पण ते काय माझ्यासमोर बसलंय? पोरगी गांगरली, एक घोडा गेला, मग हत्ती गेला. तिने राजा आडवा केला आणि डोळे पुसत खोलीत निघून गेली. श्रेया म्हणाली, "आई, आज जिंकायलाच हवं होतं का?"

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत राहिले. इरावती मागून आली. मला वाटलं, आता म्हणेल, असेल वहिनी, तुमचंच बरोबर असेल. पण नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"वहिनी, तुम्हाला मुलगा आहे, सून आहे, नात आहे. ती आजी म्हणते ते तुम्हाला. मी तिला फक्त डावाचं एक ओपनिंग दिलं. एवढं एकच माझं आहे तिच्याजवळ. तेही तुम्हाला नको?"

एवढं बोलून जिना चढून गेली. आणि मी? मी नळ चालू ठेवून उभी. वाईट वाटलं का? वाटलं. पण खरं सांगते, त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं गप्प बसून शेवटी बोलली ती असं बोलली, की मला उत्तरच सुचू नये! यातसुद्धा तीच जिंकली.

जेवणं झाली, आवराआवर झाली, पण ते डोक्यातून जाईना. तिची लाइन चांगली होती. हे मान्य करताना माझ्या जिवावर येतंय, पण होती. त्यात एकच भोक होतं, आणि ते ड्रॅगन खेळणाऱ्या माणसालाच दिसावं. पांढऱ्याचा घोडा मधोमध ऐटीत उभा असतो, पण तो उभा असतो आपल्याच वजिराच्या वाटेत. म्हणून काळ्याचं ते प्यादं बिनधास्त पुढे येतं. उपाय सोपा. प्यादं यायच्या आधीच घोडा आपण होऊन मागे घ्यायचा. मी मात्र जन्मात घोडा मागे घेतलेला नाही.

सकाळी श्रेया गाडी चालवत होती, मी आणि ऋजुता मागे. इरावतीचा गुडघा धरला होता, म्हणून ती आली नाही. दही-साखर हातावर ठेवायला खाली उतरली तेवढीच. ऋजुताचं लक्ष खिडकीबाहेर. रात्री तिने ठरवलं होतं, माझीच जुनी लाइन खेळायची, तिखट. "आजी, तुझंच बरोबर आहे. तेच खेळते."

बघा, मला हवं ते मिळालं होतं. माझी नात माझ्याकडे परत आली होती. तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम होतं.

पण त्या जबलपूरच्या पोरीला ती लाइन पाठ असणार, आणि ऋजुता पुन्हा बॅग फेकणार, हेही मला दिसत होतं. मी पर्समधून छोटा चुंबकाचा पट काढला आणि मांडीवर ठेवला.

"इराआजीचंच खेळ," मी म्हटलं. "फक्त हा घोडा इथे नको. प्यादं यायच्या आधीच मागे घे, इकडे, वजिराच्या बाजूला. आता ढकलू दे तिला प्यादं. बघ, तुझ्या वजिराची वाट मोकळी झाली. प्यादं फुकट जातं की नाही?"

ऋजुताने दोनदा करून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "आजी! हे तर मस्तच आहे! इराआजीला सांगते ना..."

"खबरदार! काही सांगायचं नाही. तुझं तुलाच सुचलं म्हणायचं. शप्पथ घे."

"पण का?"

का म्हणजे? इरावतीला कळलं तर ती माझे आभार मानेल, तोच तो मऊ आवाज काढून. आणि ते मला सोसणार नाही. पोरीला हे कसं सांगणार? मी म्हटलं, "मोठ्यांना उलट प्रश्न करू नयेत."

हॉलच्या आत पालकांना जाऊ देत नाहीत. बाहेर मंडपात आम्ही बसलो, मी, श्रेया आणि घामेजलेले सगळे आई-बाप. दुपार टळायला आली तेव्हा दार उघडलं आणि ऋजुता पळत आली. तोंडावरूनच कळलं. श्रेयाने तिला उचललं. मी डब्यातला लाडू काढून हात पुढे केला, तर पोरीने माझ्या दुसऱ्या हातातला फोनच ओढून घेतला आणि नंबर लावला.

"इराआजी! जिंकले! तुझ्या लाइनने जिंकले! ती हल्ला करायला जागाच शोधत राहिली बिचारी, आणि मी चहा पीत बसले!"

फोनमधून इरावतीचं हसणं मला ऐकू येत होतं. मी तिथेच, हातात लाडू. आधी तिला फोन. मला नाही, तिला. जिंकली माझी नात, लाइन तिची, आणि घोडा? घोडा मागे कुणी घ्यायला लावला?

मग हसणं थांबलं. ऋजुता म्हणाली, "नाही, घोडा मध्ये नव्हता ठेवला. मागे घेतला... प्यादं यायच्या आधीच... नाही, म्हणजे... मलाच सुचलं." आणि तिने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलता येत नाही पोरीला, कानापर्यंत लाल झाली होती. मी मान हलवली, नाही म्हणून.

पलीकडून इरावती काहीतरी म्हणाली. मग ऋजुताने फोन माझ्यासमोर धरला.

"आजी, इराआजी म्हणतेय, वहिनींना फोन दे."

"सांग तिला, आजी बाथरूमला गेलीये."

"आजी, तिला ऐकू आलं."

"मग आलं तर आलं," मी म्हटलं, आणि मंडपाच्या कनातीकडे तोंड करून तो लाडू मीच खायला लागले, कारण मला रडू यायला लागलं होतं.