लोखंड न ठेवलेली बुट्टी

मॅडम गेल्या, आणि सकाळपासनं ज्यांनी त्यांचा फोटो स्टेटसला लावलाय, त्यातल्या निम्म्यांवर माझा विश्वास न्हाय.

दिवाळीच्या आधी हीच माणसं त्यांची बदली करा म्हणत होती. विज्ञानाच्या मॅडम काय शिकवत न्हाईत, पोरांस्नीच प्रश्न काढायला लावत्यात म्हणून.

संशय मलाबी होता.
पगार ह्या घेणार, आणि प्रश्न काढणार आमची सातवीतली तनू?

तनू माझी नात. वर्गात तोंड उघडायची न्हाय.

परतीच्या पावसात मी दोन कोंबड्या, एक तांबडी आणि एक पांढरी, दोन बुट्ट्यांत अंड्यांवर बसवल्या. आभाळ गडगडलं की अंडी नासत्यात, म्हणून बुट्टीत लोखंडाचा तुकडा ठेवायचा. आमच्यात पहिल्यापासनं हाय.

तनूनं विचारलं, का?
म्हटलं, माझ्या सासूला विचार, वर जाऊन.

तिनं ते शाळेत सांगितलं. मॅडम म्हणाल्या, 'का' राहू दे, करून बघता येईल असं विचार. लोखंड न्हाय ठेवलं तर पिल्लं निघत्यात का?

म्हणजे डोकं त्यांचं आणि अंडी माझी.

तरी एका बुट्टीतलं काढू दिलं. तनूला बजावलं, नासली तर तुझ्या मॅडमची बदली मिटिंगमध्ये मीच मागणार.

त्या दिवसांत आभाळ नुसतं फाटत होतं.
पिल्लं दोन्हीकडं निघाली.

मला पटलं न्हाय. पालक मिटिंगला उभी राहिले.

"मॅडम, तुमचा प्रयोग खोटा. लोखंड काढलं ते तांबडीखालचं. ती जुनं खोड हाय, दगडावर बसवली तरी पिल्लू काढंल. पांढरीचं काय?"

बदलीवाले खूश. खुर्चीतनं पुढं सरकले.

मॅडम रागावल्या न्हाईत. पोरांकडं वळून म्हणाल्या, "आजींनी बरोबर पकडलं. आता कसं बघायचं?"

 मग माझ्या शेजारनं आवाज आला. तनूचा.

"तांबडीला लोखंड ठेवायचं, पांढरीचं काढायचं. पण गडगडाट पायजे. वळवापर्यंत थांबाय लागंल."

एवढ्या माणसांत.

त्यानंतर बदलीचं मी बोलले न्हाय. दुसऱ्यालाबी बोलू दिलं न्हाय.

काल मॅडम गेल्या. हार्टचं होतं म्हणे. वळीव अजून लांब हाय.

तनू म्हणाली, आता कुणाला दाखवायचं? राहू दे.

म्हटलं, मला दाखव. मला कुठं पटलंय अजून?

मॅडम, पोरगी विचारायची थांबणार न्हाय. ते माझ्याकडं लागलं.

नमस्कार घ्या.